अँटी-रोल बारच्या कमकुवत लिंक बदलताना : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाजवळची अँटी-रोल बारची लिंक काढून मी अंगणातल्या शहाबादी फरशीच्या सरळ कडेला टेकवून पाहिली, तेव्हा तिच्या दांड्याच्या मधोमध नखाएवढी फट दिसली. वरच्या टोकाच्या जोडाने तर मानच टाकली होती. बोटाने नुसते ढकलले तरी स्टड, म्हणजे जोडाच्या बॉलमधून बाहेर येणारा आट्यांचा खुंट, इकडून तिकडे पडत होता. जोडावरच्या रबरी बूटाला, म्हणजे टोपणाला, बारीक चीर गेलेली होती आणि ती चीर दाबली की ग्रीसऐवजी तांबूस पाणी बाहेर येत होते. गाडी टर्बो पेट्रोल इंजिनाची, चपळ म्हणून विकली जाणारी हॅचबॅक. अजून चाळीस हजार किलोमीटरही झालेले नव्हते. यवतेश्वरच्या घाटात स्टिअरिंग वळवले की गाडी आधी अंग टाकते आणि मग वळते, हे मला काही महिन्यांपासून जाणवत होते आणि त्याचा दोष मी टायरना देत होतो. दोष या वीतभर दांड्याचा होता. ज्यांनी हे काम पूर्वी कधी केलेले नाही आणि ज्यांना ते स्वतःच्या हाताने करायचे आहे किंवा निदान गॅरेजमध्ये उभे राहून नीट करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

लिंक नेमके काय करते

अँटी-रोल बार, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये स्टॅबिलायझर बार म्हणतात, हा स्प्रिंगच्या पोलादाचा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा दांडा असतो. त्याचा मधला भाग दोन रबरी बुशमध्ये धरून सबफ्रेमला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखालच्या चौकटीला, बसवलेला असतो आणि दोन्ही टोके एकेका लिंकने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. काही गाड्यांत ही जोडणी स्ट्रटला, म्हणजे स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या उभ्या खांबाला असते, तर काहींत लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताला. दोन्ही चाके एकदम वर गेली, म्हणजे गाडी सरळ आडव्या गतिरोधकावरून गेली, तर बार बुशमध्ये नुसता फिरतो आणि कोणताही विरोध करत नाही. परंतु वळणावर बाहेरचे चाक दबते आणि आतले सुटते, तेव्हा बारला पीळ पडतो आणि त्या पिळाला तो जो विरोध करतो, त्यामुळे गाडीचे कलणे कमी होते.

हा सगळा जोर बारपासून चाकापर्यंत पोहोचतो तो केवळ लिंकमधून. लिंकच्या जोडात अर्ध्या मिलिमीटरचा खेळ असेल, दांडा वाकत असेल किंवा प्लॅस्टिकची लिंक ताणली जात असेल, तर वळणाच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे चालकाला गाडीचा प्रतिसाद सर्वांत जास्त हवा असतो त्या क्षणी, बार कामाला लागलेलाच नसतो. अनेक कारखानी लिंकमध्ये दांडा बारीक, बॉल लहान, बॉलची वाटी प्लॅस्टिकची आणि संपूर्ण जोड कायमचा बंद असतो. ग्रीस भरायला निपल नसते. सपाट रस्त्यावर शांतपणे चालणाऱ्या गाडीला एवढे पुरते, म्हणून कंपन्या असा भाग बसवतात. आपले रस्ते मात्र तसे नाहीत. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांकडे जाणाऱ्या जोड-ट्रॉल्यांनी साताऱ्यापासून कराड-सांगलीपर्यंतच्या आतल्या रस्त्यांच्या कडा खचतात आणि समोरून ट्रॉली आली की आपल्याला डावी चाके साइडपट्टीवर उतरवावी लागतात. एक चाक खाली आणि दुसरे वर, ही लिंकवर सर्वाधिक ताण आणणारी हालचाल आपल्याकडे दिवसातून पन्नास वेळा होते.

जे लोक अधिक जाड बार बसवण्याच्या विचारात आहेत, त्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. भरीव बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. २२ मिलिमीटरचा बार काढून २४ मिलिमीटरचा बसवला, तर दिसायला दोनच मिलिमीटरचा फरक असतो. पण ताठपणा सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढाच जादा जोर त्याच जुन्या बारीक लिंकवर येतो. म्हणून आधी लिंक आणि मग बार, असाच क्रम ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कित्येकांना तर लिंक बदलल्यावर जाड बारची गरजच उरत नाही, कारण कारखानी बार किती काम करू शकतो हे त्यांना तेव्हा प्रथमच कळते.

आधी निदान

लिंकचा आवाज ओळखता येतो. कमी वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर, चाके आळीपाळीने वर-खाली होत असताना टकटक किंवा खटखट असा कोरडा, हलका आवाज येतो आणि वेग वाढला की तो बहुधा दबून जातो. मात्र स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचा, लोअर आर्मच्या बुशचा, ब्रेक कॅलिपरच्या सैल पिनांचा आणि डिकीत नीट न बसवलेल्या जॅकचाही आवाज असाच असू शकतो, म्हणून आवाज ऐकून सुटे भाग मागवू नयेत. गाडी रॅम्पवर किंवा व्हील अलाइनमेंटच्या खड्ड्यावर चाकांवर उभी असताना लिंक मुठीत धरून जोरात हलवावी. जोड झिजलेला असेल तर तो टक्क हाताला लागतो. तरीही शंका उरली तर दोन्ही बाजूंच्या लिंक काढून, बारची टोके कशालाही घासणार नाहीत अशी बांधून, गल्लीतल्या गल्लीत २० किलोमीटरच्या वेगाने एक फेरी मारावी. आवाज गेला तर दोष लिंकमध्ये किंवा बारच्या बुशमध्ये आहे. या अवस्थेत गाडी फार कलते, त्यामुळे ती मोठ्या रस्त्यावर मुळीच नेऊ नये.

आणखी एक गोष्ट मागणी नोंदवण्यापूर्वीच पाहावी. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकचे मागचे सस्पेन्शन टॉर्शन बीमचे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या पिळता येणाऱ्या आडव्या तुळईचे असते. पोलो जीटी टीएसआय ही त्यातलीच. अशा गाडीच्या मागच्या बाजूला वेगळ्या लिंक बहुधा नसतातच, कारण कलण्याला विरोध करण्याचे काम तो बीम स्वतःच पिळून करतो. चार लिंकचा संच मागवून दोन परत पाठवण्याची वेळ येऊ नये, म्हणून आधी गाडीखाली वाकून बघावे. ऑक्टाव्हिया आरएससारख्या, मागचे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी स्वतंत्र धरलेल्या मल्टिलिंक गाड्यांत मात्र पुढे आणि मागे मिळून चार लिंक असतात.

कोणती लिंक घ्यावी

या बाबतीत नवखे लोक हमखास चुकतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार कारखानी लांबीचीच, पण दणकट लिंक. तिचा दांडा जाड, बॉल मोठा आणि बूट चांगल्या रबराचा असतो. जर्मनीच्या मायले कंपनीची एचडी मालिका या प्रकारातली आहे. ज्याची गाडी मूळ उंचीवर आहे आणि बारही मूळचाच आहे, त्याला याहून अधिक कशाचीही गरज नाही, आणि हे मी काटकसर म्हणून सांगत नाही.

दुसरा प्रकार लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लिंकचा. मध्ये जाड पोलादी नळी किंवा षटकोनी दांडा, एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे, दोन्ही बाजूंना लॉकनट आणि टोकांना बूट असलेले बॉल जॉइंट अशी तिची रचना असते. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइटलाइनच्या अशा लिंक प्रसिद्ध आहेत. गाडी खाली केलेली असेल किंवा जाड बार बसवायचा असेल, तर हा प्रकार घ्यावा.

तिसरा प्रकार रोझ जॉइंटचा, म्हणजे उघड्या गोलाकार बेअरिंगचा. त्यात रबर किंवा प्लॅस्टिकची लवचीकता जवळपास नसते, त्यामुळे बारचा प्रतिसाद सर्वांत थेट मिळतो आणि म्हणूनच रेसट्रॅकवर तो वापरतात. परंतु हे बेअरिंग उघडे असते. कास-महाबळेश्वरच्या बाजूला जांभ्या दगडाची लाल माती आहे, महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या मातीचे पाणी बेअरिंगमध्ये गेले की ते पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजते. रोज वापरायच्या गाडीला हा प्रकार मी सुचवणार नाही. ज्याला तो घ्यायचाच आहे त्याने बेअरिंगवर बसणारे वेगळे रबरी बूट सोबत घ्यावेत, आणि आत पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर असेल तर त्यात ग्रीस घालू नये, कारण ग्रीसला माती चिकटते आणि तीच अस्तर खाते.

चौथा एक मार्ग आपल्याकडे हमखास सुचवला जातो, तो म्हणजे लेथवर लिंक करून घेण्याचा. साताऱ्याच्या एमआयडीसीपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत हवा तो लोखंडी भाग करून देणारे कसबी कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. पण साध्या पोलादाच्या दांड्याला बाजारातल्या बॉल जॉइंटची टोके वेल्ड केली की वेल्डच्या कडेशी धातूचा गुणधर्म बदलतो, आणि लिंकवरचा जोर क्षणाक्षणाला ताण आणि दाब असा उलटत राहत असल्यामुळे तडा बरोबर त्याच जागी जातो. लिंक वळणात तुटली तर गाडी एकाएकी कलते, आणि तुटलेले टोक ब्रेकच्या नळीजवळ मोकळे झुलू लागते. हे काम लेथवर देऊ नये.

मागणी नोंदवताना जुन्या लिंकची तीन मापे घ्यावीत : दोन्ही स्टडच्या मध्यांमधले अंतर, स्टडच्या आट्यांचा व्यास व पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर), आणि दोन्ही स्टड एकाच दिशेला आहेत की विरुद्ध दिशांना. माझ्यासारखी एक लिंक वाकलेली असेल तर दुसऱ्या बाजूची मोजावी. लिंक नेहमी जोडीने बदलाव्यात. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनच्या पुढच्या तक्रारीत हा बदल आडवा येऊ शकतो, याची कल्पना आधीच घ्यावी.

काम करताना

साहित्य फार लागत नाही : चांगला हायड्रॉलिक जॅक, दोन मजबूत स्टँड, स्टडच्या नटाला बसणारे रिंग पाने व सॉकेट, एलन कींचा किंवा टॉर्क्सचा संच, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळणारा पाना), लोखंड कापायची करवत आणि मोजपट्टी. आदल्या रात्री नटांवर तेल मारून ठेवावे. सकाळचे निम्मे काम त्यानेच झालेले असते.

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकण लावावी. पेव्हर किंवा मातीवर काम करायचे असेल तर स्टँडखाली जाड फळी ठेवावी. चाकांचे नट गाडी खाली असतानाच थोडे ढिले करावेत. त्यानंतर कंपनीने सांगितलेल्या जागी जॅक लावून पुढची दोन्ही चाके उचलावीत व गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, आणि काढलेले चाक आडवे करून गाडीच्या दारांखालच्या कडेखाली सरकवून ठेवावे.

दोन्ही चाके उचला, असे मी म्हटले त्यामागे कारण आहे. एकच बाजू उचलली तर एक चाक लटकते, दुसरे दबलेले राहते, बारला पीळ पडतो आणि तो सगळा जोर लिंकमध्ये साठून राहतो. अशा वेळी नट निघताच स्टड झटक्याने उडून हाताला लागू शकतो. आणि तसे झाले नाही तरी नवी लिंक भोकाशी जुळत नाही आणि माणूस पहारीने बार ओढत बसतो. दोन्ही चाके सारखीच लटकत असतील तर बार मोकळा असतो व हाताने फिरतो.

चाके काढल्यावर स्टिअरिंग वळवून हात जाईल एवढी जागा करावी आणि काहीही सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. स्टड आतून बाहेर आहे की बाहेरून आत, ब्रेकची नळी व एबीएसची तार लिंकच्या कोणत्या बाजूने गेली आहे, हे तासाभराने आठवत नाही. स्टडचे उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. नट फिरवू लागल्यावर बॉल वाटीत फिरू लागतो आणि नट सुटत नाही, म्हणून स्टडच्या टोकाशी एलन कीसाठी षटकोनी खाच दिलेली असते. ती खाच मातीने भरलेली असते आणि घाई करणारा माणूस एलन की अर्धवट बसवून तीच खाच गोल करून टाकतो. दाभणाने आतली माती तळापर्यंत कोरून काढावी, एलन की हलक्या हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवावी, ती स्थिर धरावी आणि रिंग पान्याने नट सोडवावा. इम्पॅक्ट गन वापरू नये. ती बॉलला गरगर फिरवते आणि काढताना खाच तर बसवताना नवा जोड खराब करते.

खाच गेलीच तर घाबरण्याचे कारण नाही. बूटाच्या मागे स्टडला पान्यासाठी चपट्या कडा असतील तर तेथे पातळ पाना घालावा. नसतील तर लॉकिंग प्लायरने स्टड पकडावा. तेही जमले नाही तर नट आणि ब्रॅकेट यांच्या मधून करवतीने स्टड कापावा, कारण जुनी लिंक तशीही पुन्हा वापरायची नसते. ग्राइंडर चालवायचाच असेल तर ब्रेकची नळी, एबीएसची तार आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट ओल्या जाड फडक्याने झाकूनच चालवावा.

दोन्ही बाजूंच्या लिंक निघाल्यावर बार हाताने वर-खाली करून पाहावा. तो अडखळत किंवा करकरत असेल तर बुश बघण्याची हीच वेळ आहे. पॉलियुरेथेनचे बुश बसवणार असाल तर त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावावे.

नवी लिंक बसवताना

लांबी ठरलेली असेल तर विशेष काही करावे लागत नाही. लांबी बदलता येणारी असेल आणि गाडी मूळ उंचीवर असेल, तर दोन्ही लिंक टेबलावर जुन्या लिंकच्या मापाला तंतोतंत लावून घ्याव्यात. प्रत्येक टोकाचे आटे आत किती गेले आहेत ते पाहावे. १० मिलिमीटरच्या आट्यांना निदान १५ मिलिमीटर पकड असावी. गाडी खाली केलेली असेल तर लिंक लहान हवी की मोठी, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही, कारण ते लिंक कोठे जोडली आहे आणि बार ड्राइव्ह शाफ्टच्या कोणत्या बाजूने जातो यावर अवलंबून असते. गाडी चाकांवर उभी असताना लिंक आणि बारचा हात यांच्यात साधारण काटकोन असावा, आणि चाक पूर्ण वर गेले तरी बार कशालाही लागू नये, एवढे ध्यानात ठेवून मापे घ्यावीत.

स्टड मूळ दिशेनेच बसवावेत आणि नवे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेले नट, वापरावेत. जुन्या नायलॉकची पकड एकदा सोडल्यावर भरवशाची राहत नाही. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क प्रमाण मानावा. १० मिलिमीटरच्या स्टडसाठी तो बहुधा ४० ते ६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हाताला घट्ट वाटेपर्यंत पिळत राहिले की बारीक स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी घाटात तुटतो.

लांबी बदलता येणाऱ्या लिंकचे शेवटचे काम गाडी खाली उतरवल्यावरच होते. गाडी अलाइनमेंटच्या खड्ड्यावर किंवा चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या फळ्या देऊन सपाट उभी करावी, पुढून दाबून दोन-तीनदा हलवावी आणि चालकाच्या जागी चालकाच्या वजनाचा माणूस बसवावा. मग एका बाजूचा एक नट काढून बघावे. स्टड बोटाने भोकात सहज ये-जा करत असेल तर बारवर ताण नाही. तो अडत असेल तर त्याच लिंकचा मधला दांडा फिरवून तो सहज जाईल इतका लांबीत फरक करावा. हा ताण राहू दिला तर गाडी डाव्या आणि उजव्या वळणावर वेगवेगळी वागते. त्यानंतर दोन्ही बॉल जॉइंट आपापल्या हालचालीच्या मध्यावर आहेत, एकमेकांविरुद्ध पिळलेले नाहीत, हे पाहून लॉकनट आवळावेत. लिंकच्या टोकांना बॉलऐवजी रबर किंवा पॉलियुरेथेनचे बुश असतील, तर त्यांचे बोल्टही गाडीचे वजन चाकांवर असतानाच घट्ट करावेत, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात.

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून लिंक रिमला, ब्रेकच्या नळीला किंवा शाफ्टच्या बूटाला लागत नाही ना, हे टॉर्च लावून पाहावे. किमान बोटभर मोकळी जागा हवी. शेवटी प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. केवळ लिंक बदलल्याने टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलत नाही, त्यामुळे स्ट्रट किंवा टाय रॉड उघडलेला नसेल तर व्हील अलाइनमेंट करण्याची आवश्यकता नसते.

पहिली फेरी आणि नंतर

पहिली फेरी ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर आणि नेहमीच्याच वेगाने मारावी. फरक जाणवतो तो वळणात शिरताना : स्टिअरिंग आणि गाडी यांच्यामधला तो क्षणभराचा विलंब जातो. टायरची पकड यामुळे वाढत नाही, याची जाणीव ओल्या घाटात ठेवावी. गाडी कमी कलते म्हणून ती अधिक वेगाने सुरक्षित आहे, असा अर्थ होत नाही. मागच्या बाजूच्या लिंक आणि बार ताठ केले असतील तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण मागे ताठ केलेली पुढच्या चाकांनी चालणारी गाडी ओल्या वळणात एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून सरकू शकते.

शंभर-दीडशे किलोमीटरनंतर रंगाच्या रेघा तपासाव्यात आणि नटांचा व लॉकनटांचा टॉर्क पुन्हा पाहावा. ग्रीस निपल असलेल्या लिंकमध्ये पावसाळ्याच्या आधी व नंतर ग्रीस भरावे; बूट किंचित फुगला की थांबावे, कारण तो फुटला तर जोड गेलाच समजायचा. ऑक्टोबरमध्ये गाडी धुताना चाकाच्या आतल्या बाजूला अडकलेली लाल माती पाण्याच्या साध्या धारेने सोडवावी, प्रेशरचा फवारा थेट बूटावर धरू नये, आणि बूटांना चीर गेलेली नाही ना ते त्याच वेळी बोटाने चाचपून पाहावे.